फोनची उत्तरपूजा

‘म्याडम, ह्यो बी गेला,’ म्हणत भाऊसाहेबांनी माझ्या टेबलावर आणखी एक फोन ठेवला.

टेबलावर आधीच फोनांची रांग लागली होती. सगळे एकाच मॉडेलचे आणि तक्रारही सगळ्यांची एकच. नंबर लावला की स्क्रीन काळी. समोरच्याचा आवाज येतो, आपला त्याला जातो, पण डोळ्यांसमोर अंधार. स्पीकरचं बटण दिसत नाही, फोन कट करायचं दिसत नाही. बोलणं संपलं तरी स्क्रीन उजळायचं नाव नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि फोन रीस्टार्ट करायचा.

‘कालपर्यंत चालत होते ना?’ मी विचारलं.

‘परवापत्तुर येकदम टकाटक हुते. काल दसऱ्याची सुट्टी.’

‘आणि सोमवारी काय आहे, लक्षात आहे ना?’

‘ध्यानात हाय म्हनून तर पळत आलोय,’ भाऊसाहेब म्हणाले. एरवी टेबलाशी उभं राहून दोन विनोद केल्याशिवाय न हलणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

सोमवारचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगते. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि एक एसी. तिघांत सगळ्यात जास्त रजा एसी घेतो. भाऊसाहेब शेतकी विभागात चिटबॉय. चिटबॉय म्हणजे कुणाच्या उसाला तोड आली, त्याची चिठ्ठी तोडणीच्या टोळीला देणारा माणूस. भाऊसाहेबांना नातू आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, पण पदाच्या नावातला बॉय काही मोठा होत नाही. ही नोकरी हंगामी. गाळप सुरू होताना कारखान्याचं बोलावणं येतं, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणूस घरी.

चिठ्ठी आता कागदाची राहिलेली नाही. प्लॉटवर उभं राहायचं, फोनमधल्या ॲपमधून उसाचा फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप होते आणि चिठ्ठी टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलवर जाते. हे चालू असताना मुकादमाचा फोन, ट्रॅक्टरवाल्याचा फोन, ‘माझी तोड कधी’ म्हणणाऱ्या ऊसवाल्याचा फोन. फोन स्पीकरवर टाकायचा, तोंडानं बोलायचं आणि बोटानं ॲप भरायचं, ही आमच्या चिटबॉयांची कामाची पद्धत. बोलताना स्क्रीन काळी पडणारा फोन त्यांच्या काय कामाचा?

भानगड सुरू झाली ती उन्हाळ्यात. ॲप बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं की नवं व्हर्जन जुन्या अँड्रॉइडवर चालणार नाही. आमचे फोन जुने. फोनच्या कंपनीनं त्यांना अपडेट देणं केव्हाच बंद केलेलं. वास्तविक फोन धडधाकट होते. बॅटरी चांगली, कॅमेरा चांगला, पडून आपटून काच तेवढी कुठं कुठं तडकलेली. फक्त आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं. नवे फोन घ्यायचे तर विषय खरेदी समितीपुढे जाणार, आणि आमच्या खरेदी समितीचा वेग बघता ते फोन पुढच्या हंगामाला आले असते, तेव्हा तेही जुनेच.

आमचे मुख्य शेतकी अधिकारी गाडेकर साहेब. त्यांनी सोपा रस्ता काढला. पुण्याचा एक कंत्राटदार त्यांना भेटला होता. तो स्वतःचे फोन आणणार, स्वतःची मुलं आणणार, चिठ्ठ्यांचं काम अंगावर घेणार. गाडेकर साहेब माणूस वाईट नव्हेत. हंगामात अख्खा तालुका त्यांच्या नावानं ओरडत असतो. कुणी एक काम उचलून नेतो म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. पण कंत्राटदाराची मुलं आली की आमच्या चिटबॉयांना बोलावणं जाणार नाही, हे उघड होतं.

मला ते पटलं नाही. म्हणून मी आमच्या कार्यकारी संचालकांकडे, म्हणजे एमडी साहेबांकडे गेले आणि तिसरा रस्ता सांगितला. फोन तेच ठेवू, आतली ऑपरेटिंग सिस्टिम बदलू.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनचा कारभारी. ॲप, कॅमेरा, आवाज, नेटवर्क, सगळं त्याच्या हाताखाली. अँड्रॉइड हा असाच एक कारभारी. गंमत अशी की अँड्रॉइडचं मूळ लिखाण खुलं आहे. कुणीही घ्या, वाचा, बदला, पुन्हा वाटा. याला ओपन सोर्स म्हणतात. जगभरात हौशी आणि हुशार लोक आहेत, जे कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनांसाठी नवं अँड्रॉइड तयार करतात आणि फुकट देतात. आमच्या मॉडेलसाठीही एका गटानं असं काम चालू ठेवलं होतं.

‘फुकट?’ एमडी साहेबांनी चष्मा काढला. आमच्याकडे फुकट म्हटलं की साहेब लोकांचा आधी संशय जागा होतो.

‘हो साहेब.’

‘मग त्यांना काय मिळतं?’

‘काही नाही. फोन चालला की बरं वाटतं त्यांना.’

‘आणि बंद पडला तर कुणाच्या नावानं पत्र पाठवायचं?’

मी म्हटलं, ‘माझ्या नावानं पाठवा.’

साहेबांनी मान डोलावली. थोड्या फोनांवर चाचणी घ्या, दसऱ्यानंतरच्या सोमवारी मला चालवून दाखवा. चाललं तर आपली माणसं, नाही चाललं तर कंत्राटदार. गाडेकर साहेब शेजारीच बसले होते. ते म्हणाले, ‘मॅडम, सोमवारी त्या पुण्याच्या माणसालाही मी बोलावून ठेवतो. वेळ वाया नको.’

झालं. मी कामाला लागले. या कामाला फ्लॅश करणं म्हणतात. फोनमधलं जुनं सगळं पुसून नवं भरायचं. पण त्याआधी बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे फोनच्या फाटकावरचा वॉचमन. कंपनीची सही असलेली सिस्टिमच तो आत सोडतो. त्याला रीतसर सांगावं लागतं की बाबा रे, मालक मीच आहे, सोड. तो सोडतो, पण जाता जाता फोनमधलं होतं नव्हतं ते पुसून टाकतो. त्यामुळे आधी सगळ्यांचे फोटो आणि नंबर उतरवून घेतले. कारखान्याच्या कामाच्या फोनमध्ये लग्नाचे, बारशाचे, बैलांचे आणि एका म्हशीचे इतके फोटो निघाले की माझा ऑपरेटर म्हणाला, आपण शेतकी विभागाचा नव्हे, गावाचाच बॅकअप घेतोय.

एक फोन लोगोवर अडकला आणि फिरतच राहिला. भाऊसाहेब म्हणाले, ‘भिंगरी झाली की वो ह्याची.’ दुसऱ्यांदा फ्लॅश केल्यावर तो वठणीवर आला. एका चिटबॉयानं तक्रार आणली की नव्या सिस्टिमवर त्याचं बँकेचं ॲप उघडत नाही. ते खरं होतं. बँकांच्या ॲपना बूटलोडर उघडलेला फोन दिसला की संशय येतो, बरीचशी चालतच नाहीत. मी म्हटलं, ‘हा कारखान्याचा फोन आहे. तुमची बँक तुमच्या फोनवर उघडा.’ तो म्हणाला, ‘माझ्या फोनचं रिचार्ज संपलंय.’ त्यावर ओपन सोर्सकडेही उपाय नव्हता.

बाकी सगळं झकास झालं. नवं ॲप पळायला लागलं. एरवी हे फोन गाळप सुरू झाल्यावरच स्टोअरमधून निघतात. यंदा चाचणीसाठी मी ते दसऱ्याआधीच चिटबॉयांच्या हातात दिले. ते शिवारात फिरून आले, फोटो काढले, चिठ्ठ्या पाठवल्या, एकमेकांना उगाचच फोन लावले. भाऊसाहेब सगळ्यांत ज्येष्ठ, त्यामुळे फोनांची जबाबदारी त्यांच्याकडे. मी दसऱ्याला निवांत श्रीखंड खाल्लं.

आणि दुसऱ्या दिवशी ही काळी रांग टेबलावर.

मी रोगाचं नाव लगेच सांगितलं. प्रॉक्सिमिटी सेन्सर. फोनच्या वरच्या टोकाला, ऐकायच्या जाळीजवळ, काचेखाली एक बारीक डोळा असतो. आपण फोन कानाला लावला की त्याला गाल जवळ आल्याचं कळतं आणि तो स्क्रीन बंद करतो, नाहीतर गालानंच बटणं दाबली गेली असती. गाल दूर झाला की स्क्रीन पुन्हा चालू. आमच्या फोनांना गाल नसतानाही गाल जवळ असल्याचा भास होत होता. नव्या सिस्टिममध्ये आणखी एक सोय आहे. डोळ्यासमोर काही असेल तर फोन खिशात आहे असं समजून ती स्क्रीन उजळूच देत नाही. म्हणून पॉवरचं बटण दाबूनही अंधार.

अशा बाहेरून भरलेल्या सिस्टिमवर हा सेन्सर बिघडणं ही नेहमीची रड आहे, हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे दोष सॉफ्टवेअरचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो सगळा दिवस त्यात घालवला. सेटिंग बदलून बघितली. सेन्सर नव्यानं जुळवून बघितला. एक फोन पुन्हा पुसून पुन्हा भरला. त्याच सिस्टिमचं मागचं व्हर्जन टाकून बघितलं. स्क्रीन काळी ती काळीच.

त्यात माझ्याकडचा चाचणीचा फोन मला वाकुल्या दाखवत होता. तेच मॉडेल, तीच सिस्टिम, तेच व्हर्जन, आणि तो अगदी ठणठणीत. एकाच आईची लेकरं, एक शहाणं आणि बाकीची सगळी एकदम बिघडलेली, असं कसं होईल?

संध्याकाळी गाडेकर साहेब डोकावले. रांगेकडे बघून म्हणाले, ‘फुकटचं पचत नाही मॅडम.’

‘अजून सोमवार उजाडला नाही साहेब,’ मी म्हटलं.

‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा प्रयत्न चांगला होता.’

‘होता’ हा शब्द मला फार लागला. मी त्यांना चहा विचारला नाही.

ते गेल्यावर बघते तो भाऊसाहेब दाराशी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत येऊन खुर्चीच्या कडेला टेकले. ‘म्याडम, येक इचारू? दुरुस्त न्हाई झालं तर आमचं काय?’

‘होईल हो दुरुस्त.’

‘तसं न्हाई. पोरगं नगरला, नागापूरच्या कंपनीत हाय. त्ये म्हनतंय, आता बसा की घरी, लई झालं. आवं पन बसून करू काय? हंगाम लागला की मला चार गावची मान्सं नावानं हाका मारत्यात. घरात मला कोन इचारतंय, जेवला का, इतकंच.’

मी म्हटलं, ‘उद्या सकाळी या,’ आणि ते उठले. ते गेल्यावर मला खरंच रडू आलं. एमडी साहेबांपुढे ‘माझ्या नावानं पाठवा’ म्हणताना मला वाटलं होतं की फार तर माझी अब्रू जाईल. भाऊसाहेबांचा हंगाम जाणार, हे इतकं समोर बसून कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी शेवटचा उपाय केला. आमच्या मॉडेलची सिस्टिम सांभाळणारा एक माणूस होता. म्हणजे माणूस की बाई, तेही ठाऊक नाही, इंटरनेटवर टोपणनावानंच वावरायचा. युरोपातला असावा. अशा माणसाला मेंटेनर म्हणतात. मी त्याला माझ्या नगरी इंग्रजीत सगळं कळवलं आणि लॉग पाठवला. लॉग म्हणजे फोननं स्वतःशी केलेली बडबड, मिनिटा मिनिटाची. कुठं दुखतंय ते त्यात सापडतं.

सकाळी उत्तर आलेलं होतं. माणूस सभ्य, पण मोजकं बोलणारा. त्यानं लिहिलं होतं की सेन्सर उत्तम काम करतोय. तो सांगतोय की समोर काहीतरी आहे. समोर खरंच काही आहे का?

मला रागच आला. मी काय दूधखुळी आहे? समोर काही असतं तर मला दिसलं नसतं? मी लिहिलं की काहीही नाही. त्यानं शांतपणे लिहिलं की फोनच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवा. मी तणतणतच फोटो काढला आणि पाठवला.

थोड्या वेळानं एका ओळीचं उत्तर आलं. वरच्या टोकाला लाल ठिपका आहे तो कसला? कंपनीची खूण आहे का?

मी फोन हातात घेतला. जाळीच्या शेजारी, काळ्या पट्टीवर, ठसठशीत, बोटानं लावलेलं कुंकू. त्याखाली हळद. आणि कुंकवात रुतून बसलेला तांदळाचा एक दाणा. दुसरा फोन बघितला, तसंच. तिसरा, तसंच. माझा चाचणीचा फोन दसऱ्याला घरी माझ्या पर्समध्ये होता, त्याची पूजा झाली नव्हती.

मला हे दिसलं नव्हतं का? दिसलं होतं की! पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्यात कशाला कुंकू नसतं? वजनकाट्याला असतं, बॉयलरला असतं, ट्रॅक्टरला तर हारही असतो. माझ्या प्रिंटरला होतं, माझ्या स्कूटीला मी स्वतः लावलं होतं. जे सगळीकडे असतं त्याकडे डोळा जातच नाही. त्या युरोपातल्या बिचाऱ्याला दसरा ठाऊक नाही, म्हणून त्याला ठिपका दिसला.

भाऊसाहेब सांगितल्याप्रमाणे हजर झाले. मी विचारलं, ‘फोनांची पूजा कुणी केली?’

‘म्याच की,’ ते जरा ताठ होऊन म्हणाले. ‘दसऱ्याला आवजारं पुजायची न्हाईत व्हय? चिटबॉयाचं आवजार दुसरं कोनतं हाय? सगळे फोन पाटावर मांडले, हळदकुकू व्हायलं, आक्षता टाकल्या, झेंडू व्हायला. नारळ बी फोडला.’

‘पण हे इथंच का लावलं, वरती?’

भाऊसाहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ‘टिळा कपाळालाच लावत्यात म्याडम. फोनचं कपाळ वरच आसनार की.’

यावर काय बोलणार? गावातल्या सगळ्या फोनांचं कपाळ वर आणि त्या सगळ्या कपाळांत नेमका सेन्सर. शिवाय त्यांनी कुंकू कोरडं लावलं नव्हतं. टिकावं म्हणून तेलात कालवलं होतं. ते काचेवर वाळून पक्कं झालं होतं आणि सेन्सरला कायमचा गाल चिकटला होता.

मी ड्रॉवरमधून कापूस काढला. तसा भाऊसाहेबांनी टेबलावरचा फोन चटकन उचलून छातीशी धरला.

‘पुसायचं न्हाई म्याडम.’

‘अहो, तेच तर अडलंय. पुसलं की फोन चालू होईल.’

‘देवाचं कुकू आसं कापसानं पुसत न्हाईत. आपनहून जाईल तवा जाईल. हंगामाच्या तोंडावर असला अपशकून मी करनार न्हाई. काय वाईट झालं तर कोनाच्या टोळीवर येईल सांगता येतंय?’

मी समजावलं. सोमवार, कंत्राटदार, हंगामाचं बोलावणं, सगळं सांगितलं. ज्यांचा हंगाम जाणार होता तेच फोन सोडायला तयार नव्हते. ‘गेला हंगाम तर जाऊ द्या,’ ते म्हणाले आणि फोन आणखी घट्ट धरला. त्यांचं खोटं नव्हतं. माझं डोकं मात्र तापलं होतं. एका बाजूला युरोपातला मेंटेनर, दुसऱ्या बाजूला पुण्याचा कंत्राटदार आणि मध्ये छातीशी फोन धरून उभे असलेले भाऊसाहेब.

एकदम मला घरचा गणपती आठवला. दीड दिवस आपण मूर्तीला हात लावत नाही. मग उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, मूर्ती जागची जराशी हलवतो, आणि त्यानंतर ती उचलायला, पाण्यात सोडायला मोकळे.

‘भाऊसाहेब, उत्तरपूजा केली का?’ मी विचारलं.

ते थबकले. ‘न्हाई. सुट्टी हुती ना. पूजा केली आन् परसाद घेऊन ज्यो त्यो घरी गेला.’

‘म्हणजे पूजा अर्धीच राहिलीय. हे बरं दिसतं का?’

भाऊसाहेब विचारात पडले. हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला असावा, कारण ते हळूच म्हणाले, ‘तांदूळ लागतील.’

कॅन्टीनमधून तांदूळ आणवले, कुंकू प्रिंटरवरचंच घेतलं. माझं टेबल पुसलं, त्यावर कोरा पंचा अंथरला आणि सगळे फोन ओळीनं मांडले. भाऊसाहेबांनी चपला बाहेर काढल्या, टोपी नीट केली, प्रत्येक फोनवर अक्षता टाकल्या आणि प्रत्येक फोन जागचा जरासा सरकवला. हात जोडून म्हणाले, ‘काय चुकलं-माकलं आसंल तर पदरात घ्या, आन् पुढच्या दसऱ्याला पुन्यांदा या.’ ऑपरेटरनं नकळत हात जोडले. मीही जोडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी अगदी मनापासून जोडले होते.

मग विसर्जन. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल माझ्याकडे होतं. ते लगेच उडून जातं, फोनला पाण्यासारखं बाधत नाही. मी कापूस त्यात भिजवून दिला आणि कुंकू भाऊसाहेबांनीच उतरवलं. लाल झालेला कापूस त्यांनी कचऱ्यात टाकू दिला नाही. बाहेरच्या तुळशीच्या कुंडीत नेऊन ठेवला. तुळशीला अल्कोहोल चालतं का, हे मी विचारलं नाही.

पहिला फोन लावला. स्क्रीन लख्ख. कानाला लावला, काळी. काढला, लख्ख. भाऊसाहेबांनी तो चारदा कानाला लावून काढला आणि चारही वेळा हसले.

सोमवारी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये गाडेकर साहेब, मी आणि पुण्याचा तो कंत्राटदार. त्यानं कोरे फोन खोक्यांसकट टेबलावर रचले होते. भाऊसाहेबांना एमडी साहेबांनी मुद्दामच कारखान्यात न ठेवता एका प्लॉटवर पाठवलं होतं. मला म्हणाले, ‘तुमच्या फोनवरून लावा. बोलत असतानाच फोटो आणि चिठ्ठी आली पाहिजे.’

मी लावला, स्पीकरवर टाकला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत भाऊसाहेब सुरू झाले.

‘म्याडम, झाली का बैठक? काय म्हनत्यात साहेब लोक? ह्ये बगा, फोन झकास चालतोय, पन साहेबानला आसं सांगा, फोनपायी मान्सं काढू नका. मला येक हंगाम तरी बोलवा. मी घरी बसलो की म्हातारा हुतो वो. हितं उसात मी बरा आसतो.’

गाडेकर साहेब खोक्यांकडे बघत राहिले. मला भाऊसाहेबांना गप्प करायचं होतं, पण एमडी साहेबांनी हातानं थांबवलं आणि फोनकडे वाकून म्हणाले, ‘भाऊसाहेब, एमडी बोलतोय.’

पलीकडे एकदम सगळं बंद. नुसता उसाच्या वाळल्या पाचटात पाय पडल्याचा आवाज.

‘फोन काळा पडला का?’ साहेबांनी विचारलं.

‘न्हाई साहेब,’ बारीक आवाज आला. ‘मीच पडलो.’

साहेब हसले. मग म्हणाले, ‘फोन ठेवू नका. तसंच बोलत राहा आणि त्या प्लॉटची चिठ्ठी पाठवा.’

भाऊसाहेब बोलत राहिले. ऊस कसा आहे, पाणी कधी सोडलं, रस्त्याला ट्रॅक्टर कुठून आणावा लागेल. बोलता बोलता साहेबांच्या समोरच्या संगणकावर फोटो आला, जागा आली, चिठ्ठी आली. साहेबांनी ती वाचली, फोन ठेवला आणि पुण्याच्या माणसाला म्हणाले, ‘तुमचे फोन छान आहेत. पण माणसं आमच्याकडे आहेत.’ त्यानं खोकी आवरली. गाडेकर साहेब बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘चहा घेणार का?’ मी घेतला.

दिवाळीआधी चिटबॉयांना बोलावणं गेलं. सगळ्यांना. उरलेले फोनही मी फ्लॅश केले. पूजेबाबत शेतकी विभागात रीतसर ठरलं की टिळा लावायचा, पण त्याच दिवशी उत्तरपूजा करूनच घरी जायचं.

मेंटेनरला मी सगळी हकिकत लिहून कळवली. फुकट काम करणाऱ्याला निदान गोष्ट तरी मिळावी. मला वाटलं, तो हसून सोडून देईल. पण त्यानं आमच्या मॉडेलच्या मदतीच्या पानावर एक ओळ घालायचं ठरवलं आणि ती मलाच लिहायला सांगितली. मी लिहिली. बोलताना स्क्रीन काळी पडत असेल, तर सिस्टिम बदलण्याआधी फोनच्या कपाळावर लाल टिळा आहे का ते बघावं. असला तर परस्पर पुसू नये, ज्याचा फोन आहे त्याला आधी विचारावं.

इतकी वर्षं मी कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळते आहे. जगात कुणाच्या उपयोगी पडेल असं माझं लिखाण एवढं एकच, आणि त्यात सॉफ्टवेअरबद्दल एक अक्षर नाही.